तळ्याला कुंपण उद्या

३ ऑगस्ट, शनिवार

आजपासून रोजनिशी. कचेरीतून रिटायर झालो त्याच दिवशी ठरवलं होतं, पण सुरुवात एखाद्या चांगल्या कामाने व्हावी म्हणून थांबलो होतो. ते काम आता आलं आहे.

मामांना घरी आणायचं.

मामी गेली, तिचं शंभराव्या दिवसाचं जेवणही झालं, आणि मामा अजून मामीच्याच घरी. बरं दिसत नाही. आपल्यात कूळ आईकडून चालतं, पुरुष बायकोच्या घरी राहतो तो बायको आहे तोवर. ती गेली की भाच्यांनी जायचं आणि मामाला मानाने त्याच्या आईच्या घरी परत आणायचं. हा रिवाज. त्यात मामा कुणी साधे गृहस्थ नाहीत, आमच्या कुळाचे दातुक आहेत. कुळाच्या प्रमुखाने दुसऱ्या कुळाच्या स्वयंपाकघरात बसून मऊ भात खायचा, याची मला लाज वाटते. डॉक्टरने डिमेन्शिया सांगितलाय. डॉक्टर पाडांग शहरातला, त्याला मामा काय कळणार.

मामांनंतर दातुक कोण, हा विचार माझ्या मनात नाही. लोकांच्या मनात आहे, त्याला मी काय करू.

मामांची मुलगी एल्मी नाही म्हणते. मुलगा बाताम बेटावर नोकरीला. तो फोनवरून कोर्ट, पालकत्व, अर्ज असलं काहीतरी बोलतो.

रोसनाताईला सांगितलं. घर आईचं, म्हणून आता ताईचं, तेव्हा विचारावं लागतं. ताई म्हणाली, आणशील रे, पण ठेवशील कुठं, माझ्या डोक्यावर? म्हटलं, पुढच्या खोलीत. म्हणाली, आणि मागचं माशांचं तळं? दार उघडलं की पाणी. म्हटलं, कुंपण घालतो. उद्याच.

सिगारेट बंद. (संध्याकाळी एक झाली, पण ती दुसऱ्याने दिली होती.)

६ ऑगस्ट, मंगळवार

एल्मीकडे जाऊन आलो. पानाचा डबा घेऊन, रीतसर. तिच्या गावाला, रिंबोला, रस्त्याने जायचं तर डोंगराला मोठा वळसा पडतो. भातशेतांच्या बांधावरून समोर दिसतं, पण पानाचा डबा घेऊन बांधावरून कोण जातं.

मामा उंबऱ्याशी बसले होते. आम्हाला पाहिलं आणि पाहुण्यांच्या स्वागताचं सगळं भाषण म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. माझ्याबरोबरचे सगळे गहिवरले. हा माणूस आजारी? मी एल्मीकडे नुसतं पाहिलं.

भाषणानंतर मामांनी मला विचारलं, पोरा, तुझं घर कुठलं? दातुकांनी असं विचारायचंच असतं.

एल्मी म्हणाली, युहार्दीदादा, सकाळी ते असेच असतात. सांजेला या. सांज झाली की टोपी घालतात आणि निघतात. इथं, स्वतःच्या घरात असून निघतात. तुमच्याकडे सांजेला त्यांच्याजवळ कोण बसणार? मी म्हटलं, अख्खं कूळ बसेल. ती हसली. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

१० ऑगस्ट, शनिवार

कुळाची बैठक. आपल्यात मतं मोजत नाहीत, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसतात. कॉफी संपली, पुन्हा केली, तीही संपली.

बातामचा मुलगा फोनच्या पडद्यावर होता. म्हणाला, मी कोर्टाकडून वडिलांचं पालकत्व घेतो, मग बघू. बहारआजोबा, आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, म्हणाले, बाळा, जज्जसाहेब त्यांना भात भरवायला येणार आहेत का? सगळे हसले. मुलगा चिडून गेला, की नेटवर्क गेलं, समजलं नाही.

मी अर्धा तास बोललो. चांगलं बोललो. प्रशासनाचा अनुभव दिसतो.

शेवटी एल्मीला विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, रिवाजाने ते तुमचे. मी त्यांची नुसती मुलगी. माझं कूळ आईचं, मला इथं बोलायचा हक्क काय. तुम्ही न्या. फक्त वरची कडी लावा.

बैठकीत असं ठरलं: मामा इथे, ताईकडे राहतील. महिन्याभराने पुन्हा बसायचं. तोवर मामांनी आपल्या तोंडाने, राजीखुशीने कुणाचं नाव घेतलं तर दातुकाची पदवी त्याला, मामांच्या हयातीतच. तसा रिवाज आहे. हा मुद्दा मी काढला नाही. मी फक्त आठवण दिली.

ताई म्हणाली, कुंपण? म्हटलं, उद्या मामांना आणायचंय. परवा.

११ ऑगस्ट, रविवार

आणलं! गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. त्यांची उशी आणि काळी टोपी एवढंच सामान. मामांनी बाहेर उभ्या असलेल्या लोकांना हात केला. एल्मी बाहेर आली नाही.

रस्त्यात प्रत्येक वळणावर म्हणत होते, थांबा, आपण कुणाला तरी मागे विसरलो. मी रेडिओ लावला.

१४ ऑगस्ट, बुधवार

सांज झाली की खरंच उठतात. टोपी घालतात, शर्टाची बटणं लावतात आणि ताईला म्हणतात, येतो मग, जेवण छान होतं. उशीर झाला तर ती दार लावून घेईल.

मामी नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. डोळे पुसत बसले. थोड्या वेळाने पुन्हा टोपी. पुन्हा सांगितलं. पुन्हा रडले, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे. तिसऱ्यांदा सांगायला निघालो तर ताई ओरडली, युहार्दी, बस कर, रोज किती वेळा मारशील तिला! मला ते लागलं. माणसाला खरं सांगू नये का?

कुंपणाचं बघायला बांबूवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, चंद्र वाढता आहे, आत्ता तोडलेल्या बांबूला कीड लागते. पौर्णिमा होऊ दे. बरोबर आहे त्याचं. काम करायचं तर टिकाऊ करावं.

१७ ऑगस्ट, शनिवार

सतरा ऑगस्ट, आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन. मैदानात तेल लावलेल्या सुपारीच्या खांबावर चढायची शर्यत. परीक्षक मी. जबाबदारीचं काम, उठता येत नाही.

घरी आलो तर ताईचा चेहरा बघवत नव्हता. मामा मागच्या तळ्यावर टाकलेल्या फळीवर उकिडवे बसलेले तिला सापडले होते. माशांना भात टाकत होते. भात संपल्यावर ताटली टाकली. ताटलीनंतर चपला. ताई पोचली तेव्हा ते वाकून पाण्यात बघत होते आणि म्हणत होते, पाणी छान आहे, तिनं मला हातपाय धुवून यायला सांगितलंय.

ताई म्हणाली, तू बघतोस असं मला वाटलं. म्हटलं, तू बघतेस असं मला वाटलं. म्हणजे चूक कुणाचीच नाही.

ताटली मी काढली. चपला मिळाल्या नाहीत. तळं दिसतं त्याहून खोल आहे, आणि खाली सगळा चिखल. पौर्णिमा दोन दिवसांवर आली.

२१ ऑगस्ट, बुधवार

पौर्णिमा झाली. बांबूवाला पकानबारूला मुलीकडे गेलाय. आता ह्याला मी काय करणार?

मामांची तयारी चालू. सकाळी कॉफीनंतर तास. मी म्हणतो, म्हणा: ही पदवी मी माझा भाचा युहार्दी याला राजीखुशीने देतो. मामा म्हणतात, ही पदवी मी. मग थांबतात. मग थेट मोठं भाषण सुरू करतात, ज्यात आकाश, पृथ्वी, बाप, आजा सगळे येतात, युहार्दी सोडून.

आज एकदा नाव घेतलं. जमाल. त्यांचा लहानपणी गेलेला भाऊ. मी म्हटलं, युहार्दी. तुमचा भाचा. मामा म्हणाले, भाचे फार झालेत. आणि माझ्या हातातलं बिस्किट घेतलं.

प्रगती आहे. पहिले तीन शब्द पक्के.

२५ ऑगस्ट, रविवार

हायदाचा फोन. माझी बायको. मामा आल्यापासून मी ताईकडेच झोपतो, त्यावरून. घरी येणार आहात की नाही? म्हटलं, मामांवर लक्ष ठेवायचंय. ती म्हणाली, काल सांजेला तुम्ही कॉफीच्या टपरीवर डॉमिनो खेळत होता, माझ्या भावाने पाहिलं. म्हटलं, तिथे कुळातली दोन माणसं होती, त्यांचं मन वळवत होतो. ती म्हणाली, मग ज्या घराचा पहारा करता तिथंच जेवा.

पुढे म्हणाली, तुमचे शर्ट इस्त्री करून पिशवीत भरून दाराशी ठेवलेत. कितीही रागावली तरी काळजी करते. पिशवी घेऊन आलो. थंडीचा स्वेटरसुद्धा घातलाय आत. आणि दाढीचं सामान. आणि माझा लग्नातला फोटो.

२९ ऑगस्ट, गुरुवार

पुढच्या आणि मागच्या दाराला वर कडी बसवली. स्वतः. एक खिळा वाकडा गेला.

सांजेला मामा टोपी घालून दारासमोर उभे राहिले. ढकललं नाही, आरडाओरडा नाही. नुसते उभे. थोड्या थोड्या वेळाने, पाहुणा बोलतो तशा भाषेत, मालक कुणी असाल तर दार उघडता का? अंधार पडतोय. असे किती वेळ उभे होते कोण जाणे. मला वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं. मग टीव्हीचा आवाज वाढवला.

तेवढ्यात एल्मी आली, चिंचेतलं मासळीचं कालवण घेऊन. तिनं कडी पाहिली, मामांना पाहिलं, कालवण खाली ठेवलं. कडी काढली. मामांचा हात धरला आणि घराला एक फेरी मारून त्यांना पुढच्या दाराने परत आणलं. मामा आत आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, आलो बरं का. आणि जेवायला बसले.

एल्मी म्हणाली, कडी त्यांना कोंडायला नाही, दादा. कडी आपल्याला कळावं म्हणून, की ते निघाले. मग त्यांच्याबरोबर निघायचं आणि घरी आणायचं. रोज. म्हटलं, रोज? म्हणाली, रोज. कधी दोनदा.

पद्धत चांगली आहे. पण सांजेची वेळ माझी जरा अडचणीची. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, सांजेला मी भात शिजवते, तो तू शिजव. विषय तिथेच राहिला.

३ सप्टेंबर, मंगळवार

बांबूवाला आला, पण आज अमावस्या. उद्यापासून चंद्र वाढता. पुन्हा थांबणं आलं. निसर्गापुढे माणसाचं चालत नाही.

तरी मी हातावर हात ठेवून बसणारा नाही. शाळेत जुनं बॅडमिंटनचं नेट पडलं होतं ते मागून आणलं. तळ्याच्या एका बाजूला बांधलं. ताईने नेट ओढून पाहिलं. मग म्हणाली, मासे खेळणार आहेत का? टोमणे मारणं सोपं असतं.

बाकीच्या तीन बाजू बैठकीनंतर.

६ सप्टेंबर, शुक्रवार

परवा बैठक. बाजारात दातुकांचे घडीचे फेटे शिवणारा आहे त्याच्याकडे गेलो. सहज. त्याने डोकं मोजलं. मी नको म्हणत होतो. छान काळा, सोनेरी काठाचा. घरी आरशात पाहिला. मामा मागून बघत होते. ते एकदम उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, या दातुक, बसा.

त्यांनी ओळखलं! अजून काय हवं?

ताईने हे ऐकलं आणि म्हणाली, अरे, ते तुला नाही, फेट्याला उठले.

सिगारेट बैठकीनंतर बंद. आत्ता ताण आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. कपडे ओले होते, आणि कपड्यांचं सोडा. जसं झालं तसं लिहितो.

सगळं कूळ आलं. पुढच्या दाराशी चपलांचा ढीग. माणसं आतबाहेर करत होती, म्हणून दोन्ही कड्या काढून ठेवल्या. सगळं घर माणसांनी भरलेलं असताना कडी कशाला?

मामांनी भाषण केलं. दुपारचं ऊन उतरेपर्यंत. म्हाताऱ्या बायका रडल्या. आकाश, पृथ्वी, बाप, आजा. मग आलं: ही पदवी मी. मामा थांबले. सगळ्यांकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. ऊन पिवळं झालं होतं. म्हणाले, मंडळी, माफ करा, घर फार छान आहे तुमचं, पण मला निघायला हवं. ती वाट बघत असेल.

कुणी हसलं नाही. बहारआजोबा म्हणाले, सांजेचा नमाज होऊ दे, मग बोलू.

सगळे नमाजाला उभे राहिले. मामा पहिल्या रांगेत होते, मी स्वतः उभं केलं. मी मन लावून नमाज पढत होतो. म्हणजे पुढचं वाक्य त्यांच्याकडून कसं वदवावं, याचा विचार करत होतो. शेवटी मान डावीकडे वळवली तर मामांची जागा रिकामी.

मागचं दार उघडं होतं. बाहेर जवळजवळ अंधार. बॅडमिंटनचं नेट एका टोकाने सुटून पाण्यात पडलेलं. आणि तळ्याच्या मधोमध काळा फेटा तरंगत होता.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. ताई म्हणते, मी मामा, मामा, असं लहान पोरासारखा ओरडत होतो. उडी मारली. खाली चिखल. छातीपर्यंत रुतलो. एक पाय नेटमध्ये. हाताने पाण्यात चाचपडत होतो आणि हाताला मासे लागत होते, सगळे अंगाशी येत होते, मामांच्या हातची सवय झालेली त्यांना. त्या पाण्यात मी एवढंच म्हणत होतो की पदवी नको, काही नको, माणूस हाताला लागू दे.

फेटा हाताला लागला. सोनेरी काठाचा. माझाच. मी मागच्या खिडकीत तयार ठेवला होता, तो वाऱ्याने पडला असणार.

मला कुळातल्या माणसांनी बांबूने बाहेर ओढलं. बांबू शेजाऱ्यांच्या कुंपणाचा.

माणसं टॉर्च घेऊन रस्त्याने दोन्हीकडे धावली. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. एल्मी. मामा तिच्या पायरीवर बसले होते.

रस्त्याने गेलेच नव्हते. भातशेतांच्या बांधांवरून, पाट ओलांडत, सरळ. स्वतःचं नाव सांगता येत नाही त्यांना. एवढ्या ढिगात चपला शोधल्या नसतील. आणि त्यांच्या चपला तर तळ्यातच. अनवाणी. पायरीवर बसून हाक मारत होते म्हणे, दार लावून घेऊ नकोस गं, आलो मी.

१० सप्टेंबर, मंगळवार

बहारआजोबा, ताई आणि मी रिंबोला गेलो. मामांना ताप. दोन्ही पावलांना पट्ट्या. एल्मी त्यांना मऊ भात भरवत होती.

कुळाचा निर्णय तिथेच झाला, बसावंही लागलं नाही. मामा एल्मीकडे राहतील. रिवाज? बहारआजोबा म्हणाले, रिवाजाने त्यांना आणलं, पायांनी ते परत गेले. आता रिवाजाने गप्प बसावं. बातामच्या मुलाने फोनवर विचारलं, मग कोर्टाचं? एल्मी म्हणाली, कागद नको मला. तू सुट्टीत ये आणि आठ दिवस सांजेला त्यांच्याबरोबर फेरी मार.

पदवी घडी घालून ठेवली. आपल्यात एकमत झालं नाही की तसंच म्हणतात, घडी घातली. किती वर्षं, ते कुणी सांगत नाही.

मी एल्मीची माफी मागणार होतो. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात मामांचं लक्ष माझ्याकडे गेलं. अंगात चुरगळलेला शर्ट, कानामागे अजून चिखल. त्यांनी घास थांबवला आणि एल्मीला म्हणाले, ह्याला वाढ गं. वाट चुकलाय बिचारा. जेवला की ह्याच्या घरी सोडून या.

बहारआजोबांनी विचारलं, कुठं सोडू, दातुक?

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी ताईकडे पाहिलं. ताई ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. एल्मीने भात वाढला. मी जेवलो.

१४ सप्टेंबर, शनिवार

सध्या मुक्काम सुराउत. वस्तीच्या टोकाचं हे नमाजघर छान हवेशीर आहे. लहानपणी आम्ही सगळी मुलं इथेच झोपायचो, आईच्या घरात मुलग्यांना खोली नसते. तात्पुरतं आहे. ताईची पुढची खोली तिच्या मुलीला हवी, ती बाळंतपणाला येतेय. हायदाकडे गेलो होतो, दार तिच्या भावाने उघडलं, चहा दिला, खुर्ची दिली, पाहुण्यासारखं विचारपूस करून पोचवायला फाटकापर्यंत आला. पिशवी माझ्याजवळ आहेच. स्वेटर कामाला आला.

बांबूवाल्याने आज बांबू टाकले. चंद्र वाढता असूनही, म्हणाला, तुमची घाई बघून. ताईने त्यांचा वेलाच्या शेंगांना मांडव केला. मजबूत झालाय.

इथे दोन म्हातारे आहेत, बायका गेलेले. त्यातला एक सारखा विचारतो, तुमचं घर कुठलं? मी सांगतो.

सांजेला नमाज झाल्यावर टोपी घातली, बटणं लावली, निघालो. पायरीवर थांबलो. डावीकडे ताईचं घर, उजवीकडे हायदाचं, दोन्हीकडे दिवे लागले होते. जरा वेळ उभा राहिलो. मग अंधार झाला म्हणून आत आलो.

उद्या बघू.